चाळीस हजारांत जिवाणू वाढवायची लॅब

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलंय: "मुलांकडून सिंथेटिक बायोलॉजीचा छोटा प्रकल्प करून घ्यायचा आहे. ई. कोलाय या जिवाणूमध्ये रंगीत प्रथिनाचा जनुक घालायचा, ते वाढवायचे, रंग किती आला ते मोजायचं. हातात चाळीस हजार रुपये आहेत. एकट्या शेकर इन्क्युबेटरचं (जिवाणू उबदार ठेवून सतत हलवणाऱ्या यंत्राचं) कोटेशनच दीड लाखाच्या वर गेलं. घरी बनवलेल्या उपकरणांवर हे जमेल का?"

मॅडम, जमेल. मी आठ वर्षं सांगली भागात जिवाणू खतांचं एक लहान युनिट चालवलं. रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर असली कल्चर, म्हणजे मुद्दाम वाढवलेले जिवाणू, आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये वाढवायचो, आणि शेतकरी ती विकत घ्यायचे. त्यानंतर गेली काही वर्षं कॉलेजच्या मुलांना प्रकल्पांत मदत करतोय. जुगाड भरपूर केले, त्यातले काही अंगाशीही आले. त्यातून एक ठोकताळा बसलाय: वस्तू बनवायची की विकत घ्यायची हे ठरवताना ती चालू असताना काय करते हे बघू नका, बिघडल्यावर काय करते ते बघा. इन्क्युबेटर बिघडला तर थर्मामीटर सांगतो, तो बनवा. मायक्रोपिपेट, म्हणजे थेंबाहूनही कमी द्रव मोजून घ्यायचं साधन, बिघडलं तर ते गप्प राहतं आणि तुमचे तीन महिन्यांचे आकडे खोटे पाडतं, ते विकत घ्या. गरगर फिरवून जिवाणू तळाला बसवणारा सेंट्रिफ्यूज बिघडला तर तुकडे डोळ्यात जातात, त्याच्या वाटेलाच जाऊ नका.

सुरुवात कुकरपासून करू. बाकी काही चुकलं तर निभावून नेता येतं, निर्जंतुकीकरण चुकलं की पुढचं सगळं वाया.

दहा-बारा लिटरचा, आयएसआय शिक्क्याचा साधा कुकर घ्या. आपल्याकडच्या कुकरची शिट्टी साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला उचलते. ऑटोक्लेव्हचे, म्हणजे लॅबमधल्या वाफेच्या निर्जंतुकीकरण यंत्राचे, १५ पौंड प्रति चौरस इंच म्हणजे जवळजवळ तेवढेच. पण हा दाब बाहेरच्या हवेच्या वर मोजलेला असतो, आणि उंचीवर बाहेरची हवाच विरळ. त्यामुळे तोच कुकर मुंबईत १२० अंशांना पोचतो, पुण्यात ११९ ला, महाबळेश्वरला ११८ च्याही किंचित खाली राहतो. दोन-तीन अंशांनी काय बिघडतं, असं वाटेल. जिवाणूंच्या बीजाणूंच्या (त्यांच्या चिवट, सुप्त रूपांच्या) बाबतीत मात्र तीन अंश घटले की वेळ दुप्पट लागतो. पुस्तकात १२१ अंशांना १५ मिनिटं लिहिलेली असतात. मी कुठेही असलो तरी कुकरला ३० मिनिटं देतो आणि वाद मिटवतो.

खरी चूक होते ती हवेची. कुकरमध्ये हवा अडकून राहिली तर दाब पुरेसा दिसतो, शिट्टीही होते, पण आतलं तापमान कमीच राहतं, कारण दाबातला काही वाटा वाफेचा नसून हवेचा असतो. म्हणून असं करा. तळाशी दीड लिटर पाणी, त्यावर जाळी, जाळीवर २५० मिलीच्या बाटल्या, प्रत्येक दोन-तृतीयांशच भरलेली. झाकणं अर्धा आटा सैल, वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल. कुकरचं झाकण लावा, शिट्टी लावू नका. गॅस मोठा. नळीतून वाफेची सरळ, जोरकस धार सुरू झाली की घड्याळ लावून सात मिनिटं ती तशीच वाहू द्या. मग शिट्टी ठेवा. पहिली शिट्टी झाली की आच इतकी मंद करा की अधूनमधूनच वाफ फुसफुसेल, आणि तिथून ३० मिनिटं मोजा. वरणाच्या कुकरसारख्या शिट्ट्या मोजत बसू नका. प्रत्येक शिट्टीला आतला दाब पडतो. गॅस बंद केल्यावर कुकर आपणहून निवू द्या. घाईने शिट्टी उचलली तर बाटलीतला मीडिया, म्हणजे जिवाणूंचं खाद्य, उसळून बाहेर येतो आणि मग ओटा पुसत बसावं लागतं.

कुकर खरंच काम करतोय का हे बघायला कॉलेजच्या बागेतली चिमूटभर माती पुरते. एका टेस्टट्यूबमध्ये मीडिया घ्या, त्यात ती माती टाका, बाकीच्या बाटल्यांबरोबर कुकरमध्ये ठेवा, मग दोन-तीन दिवस ३७ अंशांना ठेवून द्या. मातीतले बॅसिलसचे बीजाणू चिवट असतात. ट्यूबमध्ये गढूळपणा वाढत गेला किंवा वर साय धरली तर तुमची पद्धत चुकतेय. काही उगवलं नाही तर निर्धास्त व्हा. रंग बदलणारी ऑटोक्लेव्ह टेप लावली तर लावा, पण ती फक्त गरम झाल्याचं सांगते, जिवाणू मेल्याचं नाही. आणि हो, हा कुकर पुन्हा कधीही स्वयंपाकघरात जाणार नाही. त्यावर रंगाने मोठी फुली मारून ठेवा.

मीडिया म्हणाल तर नेहमीचा एलबी: लिटरला १० ग्रॅम ट्रिप्टोन, ५ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, १० ग्रॅम मीठ, प्लेटसाठी, म्हणजे तो बशीत घट्ट बसवायला, १५ ग्रॅम अगर. ट्रिप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टवर काटकसर करू नका. अगर मात्र किराणा दुकानातल्या चायना ग्रासचंही चालतं. ते जरा मऊ बसतं, म्हणून लिटरला १५ ऐवजी २० ग्रॅमपासून सुरुवात करा. यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. अगर प्रयोगशाळेत आलं तेच मुळी स्वयंपाकघरातून. रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्थर हेसेच्या जिलेटिनच्या प्लेट उन्हाळ्यात वितळायच्या. १८८१ साली त्याच्या बायकोने, फॅनी हेसेने, घरी जेली घट्ट करायला ती जे वापरायची ते वापरून बघायला सुचवलं. ज्युलियस पेट्रीची बशी त्यानंतर आली, १८८७ मध्ये.

प्लेट ओतायला लॅमिनार फ्लो, म्हणजे गाळलेली हवा सोडणारं कपाट, हवंच असं नाही. पारदर्शक प्लास्टिकचा मोठा टब आडवा ठेवा, पुढच्या बाजूला हात घालायला दोन गोल भोकं पाडा. ही स्थिर हवेची पेटी. अळिंबीचं बी घरी तयार करणारे कित्येक जण यावरच भागवतात. हवा हलली नाही की धूळ खाली बसते, आणि जिवाणू-बुरशी धुळीवर बसूनच येतात. पंखा बंद, खिडक्या बंद, पेटी आतून ७० टक्के अल्कोहोलने पुसायची, दहा मिनिटं थांबायचं, मग काम. फक्त पेटीच्या आत स्पिरिट लॅम्प पेटवायचा नाही. आमच्याकडे एका मुलाने पेटीत अल्कोहोल फवारलं आणि लगेच लूप (जिवाणू उचलायची तारेची कडी) तापवायला ज्योत आत नेली. भप्प झालं. भुवया जळल्या, त्यापलीकडे काही झालं नाही, ते नशीब. ज्योत हवी असेल तर उघड्या टेबलावर, ज्योतीपासून वीतभर अंतरात काम करा. पेटी हवी असेल तर ज्योत नको, डिस्पोजेबल लूप वापरा. दोन्ही एकत्र नकोत.

लूप म्हणजे काही मोठी चीज नाही. इस्त्री-शेगडी दुरुस्त करणाऱ्याकडे नायक्रोमची तार मिळते, तिचं एक टोक सुईवर गुंडाळून वेटोळं करायचं, दुसरं टोक दांड्यात. कापसाच्या बुचांसाठी मेडिकलचा पांढरा कापूस घेऊ नका. तो वाफ पितो, ओला होतो आणि ओल्या कापसातून बुरशी आत उतरते. गादीवाल्याकडचा कच्चा, पिवळसर कापूस पाणी धरत नाही. तुमच्या यवतमाळात त्याला काय तोटा!

आता इन्क्युबेटर. माशांची किंवा औषधांची ने-आण करतात तो जाड थर्माकोलचा खोका घ्या. किती वॅटचा बल्ब लावायचा यावर लोक अंदाजाने बोलतात, पण हिशेब सोपा आहे. थर्माकोलची उष्णतावाहकता ०.०३५ च्या आसपास. खोक्याचं एकूण क्षेत्रफळ एक चौरस मीटर आणि भिंत अडीच सेंटिमीटर जाड धरा. बाहेर २५ अंश, आत ३७, म्हणजे फरक १२ चा. ०.०३५ गुणिले १२, भागिले ०.०२५, उत्तर येतं साधारण १७ वॅट. झाकणाच्या फटी धरून २५ वॅट पुष्कळ झाले. मुलं १०० वॅटचा बल्ब लावतात, तो पाच मिनिटांत तापमान ४२ पर्यंत उडवतो, थर्मोस्टॅट बंद करतो, पुन्हा ३५, पुन्हा ४२, असं रात्रभर चालतं. बारका उष्णतास्रोत आणि सतत फिरणारा बारका पंखा, एवढं सांभाळलं तर महागडं नियंत्रण लागत नाही. पंखा जुन्या कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा. तो नसेल तर खोक्यात तळापासून वरपर्यंत चार-पाच अंशांचा फरक पडतो.

तापमान सांभाळायला डब्ल्यू१२०९ नावाचं छोटं मॉड्यूल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दीड-दोनशे रुपयांच्या घरात मिळतं. त्यावर २३० व्होल्टही चालतील असं छापलेलं असतं. त्याकडे दुर्लक्ष करा. पट्टीवरच्या तारांमधलं अंतर बघितलं तर मला तरी त्यावर घरची लाईन जोडायचा धीर होत नाही, त्यातून खोक्यात दमटपणा. सगळं १२ व्होल्टवर ठेवा: १२ व्होल्टचा हीटर पॅड किंवा गाडीचे बल्ब, तोच पंखा, तेच मॉड्यूल. फायदा असा की लाईट गेली तर सगळं थेट बॅटरीवर चालतं. खोक्यात पाण्याच्या दोन-तीन भरलेल्या बाटल्याही ठेवा. त्या एकदा ३७ ला आल्या की झाकण उघडलं किंवा तासभर लाईट गेली तरी तापमान फारसं ढळत नाही.

सेन्सरवर आंधळा विश्वास नको. घरचा ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर ३७ अंशांच्या आसपास चांगला अचूक असतो, कारण तो त्यासाठीच बनवलेला. कोमट पाण्याच्या एका पेल्यात तो आणि मॉड्यूलचा सेन्सर शेजारीशेजारी धरा, फरक लिहून ठेवा. संपलं काम.

तुमच्याकडे एक वेगळीच अडचण येईल, जी पुण्यातल्या कुणाला सुचणार नाही. मे महिन्यात खोलीच ४३ अंश असेल तर बल्ब काय करणार? इन्क्युबेटर तापवू शकतो, गार करू शकत नाही. त्यामुळे एक तर प्रकल्प जुलै ते फेब्रुवारीत बसवा, किंवा थर्माकोलऐवजी भंगारातला पण कॉम्प्रेसर चालू असलेला फ्रिज घ्या आणि गार करणं व तापवणं दोन्ही सांभाळणारा कंट्रोलर लावा. अंडी उबवायची तयार मशिनंही बाजारात मिळतात, तीही ३७.५ अंशांवर चालतात आणि प्लेटसाठी उत्तम. फक्त अंडी फिरवायची मोटर बंद करा आणि आत पाण्याची वाटी ठेवू नका. प्लेट कायम उलट्या ठेवायच्या, नाहीतर झाकणावरचं पाणी वसाहतींवर, म्हणजे जिवाणूंच्या ठिपक्यांवर, टपकतं आणि सगळ्या वसाहती एकमेकींत मिसळतात.

दीड लाखाचा शेकर नाही म्हणून तुमचं अडलंय, पण शेकर का हलवतो हे पाहिलं तर निम्मा प्रश्न सुटतो. तो मिसळायला हलवत नाही, हवा विरघळवायला हलवतो. ३७ अंशांना पाण्यात लिटरला जेमतेम सात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. ई. कोलाय थोडे दाट झाले, ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) एकच्या आसपास गेली, की तेवढा ऑक्सिजन ते काही मिनिटांत संपवतात. पुढे वाढ होते, पण रडतखडत.

यातला एक प्रकार डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून सविस्तर सांगतो. मुलांनी एमिलसीपी नावाच्या रंगीत प्रथिनाचा प्लास्मिड, म्हणजे त्याचा जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं, घेतला होता. हे प्रथिन मुळात एका प्रवाळातलं. त्याने जिवाणू निळे-जांभळे होतात आणि तो रंग बघायला दिवा, फिल्टर, काहीच लागत नाही. प्लेटवरच्या वसाहती झकास निळ्या आल्या. मग त्यांनी त्यातलीच एक वसाहत घेऊन २५० मिलीच्या बाटलीत २०० मिली एलबी भरून रात्रभर ठेवली. सकाळी बाटली गढूळ, म्हणजे वाढ झाली होती. पण खाली बसवलेले जिवाणू मळकट पांढरे. मुलांनी दोन आठवडे प्लास्मिडला दोष दिला, अँटिबायोटिक बदललं, पुन्हा ट्रान्सफॉर्मेशन केलं, म्हणजे प्लास्मिड नव्याने जिवाणूंत घातला. दोष हवेचा होता. जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या कुळातल्या प्रथिनांना रंग येण्यासाठी, त्यांच्या आतला रंगकण तयार होण्यासाठी ऑक्सिजन लागतोच. प्लेटवर तो भरपूर, भरलेल्या बाटलीत नाही. त्याच बाटलीतलं ५० मिली एका रुंद फ्लास्कमध्ये ओतून ढवळणाऱ्या स्टररवर ठेवलं, दुपारपर्यंत निळसर झाक आली.

तेव्हा पहिला नियम: फ्लास्क एक-पंचमांशाहून जास्त भरायचा नाही. २५० मध्ये ५०. मग हवा द्यायचे तीन स्वस्त मार्ग आहेत.

मॅग्नेटिक स्टरर कॉम्प्युटरच्याच पंख्यापासून होतो. पंख्याच्या मधोमध दोन चुंबकं चिकटवायची, एकाचा उत्तर ध्रुव वर, दुसऱ्याचा दक्षिण. भंगारातल्या हार्डडिस्कमधली चुंबकं जबरदस्त असतात, पण त्यांचे ध्रुव विचित्र असतात, म्हणून नवीन गोल चुंबकंच सोयीची. त्यावर पातळ अ‍ॅक्रिलिकची फळी, फळीवर फ्लास्क, आत स्टर बार, म्हणजे ढवळणारा छोटा चुंबक. वेग कमी-जास्त करायला पीडब्ल्यूएमचं छोटं मॉड्यूल. सुरुवात नेहमी हळू करायची. एकदम वेग दिला की बार ताल सोडतो आणि काचेवर टकटक आपटत बसतो. पाण्यात पडणारा भोवरा खोलीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत उतरला की पुरे. सगळा संच इन्क्युबेटरच्या खोक्यात बसवता येतो.

दुसरा मार्ग फिरकी. १२ व्होल्टची ३० ते ६० आरपीएमची गिअर मोटर, तिच्यावर तिरकी गोल चकती, चकतीला टेस्टट्यूब अडकवायच्या क्लिपा. तिरक्या ट्यूबमध्ये पाच मिली मीडिया गोल फिरताना काचेवर पातळ पसरतो आणि हवा घेतो. रात्रभराच्या छोट्या कल्चरसाठी मला हाच सगळ्यात आवडतो: आवाज नाही, काही निसटत नाही, आणि एका वेळी डझनभर ट्यूब.

तिसरा मार्ग अ‍ॅक्वेरियमचा पंप. खताच्या युनिटमध्ये आम्ही मोठ्या बाटल्यांत अशीच हवा सोडायचो, कापूस ठासून भरलेल्या नळकांड्यातून गाळून. इथे ०.२२ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर लावा, तोही पाणी न धरणाऱ्या पडद्याचा, नाहीतर ओला होऊन बंद पडतो. मात्र एलबीला साबणासारखा फेस येतो, आणि बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर जिवाणूंचे तुषार उडतात. जनुक बदललेले जिवाणू असतील तर बाहेरच्या नळीलाही फिल्टर लागतो. तुमच्या कामाला हा मार्ग नकोच.

मोजमापाचं बोलू. वाढ मोजायला ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश कल्चरमधून जाऊ देतात, किती अडला ते बघतात. नारिंगी एलईडी, समोर फोटोडायोड, मधे टेस्टट्यूब, सगळं काळ्या डबीत आणि मागे आकडे वाचायला एक आर्डुइनो बोर्ड. मुलांनी हे बनवावंच, शिकायला छान आहे. पण त्याआधी केमिस्ट्री विभागात चक्कर मारा. तिथे बहुतेक एखादा फोटोकलरिमीटर धूळ खात असेल आणि त्यात ६०० किंवा ६२० चा फिल्टर असेलच. घरचं यंत्र त्याच्याशी ताडून बघा. एकच दाट कल्चर घ्या, ते निम्मं, पाव, एक-अष्टमांश असं पातळ करत दोन्हींवर मोजा. आकडेही तसेच निम्मे-निम्मे उतरायला हवेत. ०.४ च्या वर बहुतेक घरगुती मीटर कमी दाखवायला लागतात, तिथे कल्चर पातळ करून मोजायचं. आणि दोन यंत्रांची ओडी कधीच तंतोतंत जुळत नाही, कारण जिवाणू प्रकाश शोषत नाहीत, विखुरतात, आणि विखुरलेल्यातला किती सेन्सरवर पडतो हे डबीच्या बांधणीवर ठरतं. म्हणून प्रकल्प संपेपर्यंत एकच यंत्र.

आकडे आले की पहिलं काम दुपटीचा काळ काढणं. ०.०५ पासून ०.४ पर्यंत जायला तीन दुपटी लागतात. ७५ मिनिटं लागली तर दुपटीला २५ मिनिटं, एलबीत ३७ अंशांना हे चांगलंच. ६० मिनिटांची दुपटी येत असेल तर हवा किंवा तापमान, दोन्हीपैकी कुठेतरी पाणी मुरतंय.

मुलांना पुढे जायचं असेल तर वाढ मोजत राहून आपोआप ताजा मीडिया सोडणारी उघड्या आराखड्यांची यंत्रं आहेत: बॉस्टन विद्यापीठातल्या मंडळींचं इव्हॉल्व्हर २०१८ चं, ऑक्सफर्डहून आलेलं ची-बायो २०२० चं. त्यांचे आराखडे मोफत आहेत. ते वाचायला सांगा, बनवायला पुढच्या वर्षी. मूळ कल्पना जुनीच. नोव्हिक आणि झिलार्ड यांनी १९५० मध्ये मांडलेला केमोस्टॅट म्हणजे आत मीडियाची एक धार, बाहेर एक धार, आणि मधे वाढत राहणारे जिवाणू.

आता पैसे कुठे घालायचे ते. दोन मायक्रोपिपेट्स घ्या, २ ते २० आणि २० ते २०० मायक्रोलिटरची. तुमच्या चाळीस हजारांतला मोठा घास ही खातील, खाऊ द्या. त्यांची परीक्षा घ्यायला सराफी काटा पुरतो, ०.०१ ग्रॅमचा. २०० वाल्या पिपेटवर १०० लावून दहा वेळा पाणी काट्यावरच्या डबीत सोडायचं, एकूण एक ग्रॅम भरायला हवं. ०.९४ आलं तर पिपेटमध्ये खोट आहे किंवा हातात. महिन्यातून एकदा हे करा, वहीत लिहा. मिलीच्या वरच्या मापांसाठी साध्या सिरिंज चालतात. इन्सुलिनच्या सिरिंजही चालतात, पण तिथे एक सापळा आहे. आपल्याकडे यू-४० आणि यू-१०० दोन्ही मिळतात. यू-४० मध्ये ४० युनिट म्हणजे एक मिली, एक युनिट २५ मायक्रोलिटरचं. यू-१०० मध्ये एक युनिट १० चं. एकाच डब्यात दोन्ही ठेवल्या की गोंधळ ठरलेला.

सेंट्रिफ्यूजच्या नादी लागू नका असं म्हटलं, कारण सांगतो. मिक्सरच्या किंवा ग्राइंडरच्या मोटरीला थ्रीडी प्रिंटरवर काढलेला रोटर लावायचे व्हिडिओ मुलांनी नक्की पाहिलेले असणार. पाच सेंटिमीटर त्रिज्येचा रोटर १३,००० आरपीएमला फिरतो तेव्हा गुरुत्वाच्या साडेनऊ हजार पट ओढ असते. एका ट्यूबमधलं दीड ग्रॅम पाणी त्या वेळी चौदा किलोंसारखं ओढत असतं, आणि ते धरून ठेवायला थर दर थर चिकटवलेलं प्लास्टिक. मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या गटाने २०१७ मध्ये कागदाची चकती आणि दोऱ्याचा सेंट्रिफ्यूज दाखवला, दोऱ्यात बटण ओवून गरगरवतात तोच खेळ, आणि तो १,२५,००० आरपीएमपर्यंत नेला. कमालीची गोष्ट आहे, पण ती रक्ताच्या केसाएवढ्या नळ्यांसाठी. जिवाणू खाली बसवायला गावातल्या पॅथॉलॉजी लॅबने काढून टाकलेला सेंट्रिफ्यूज शोधा. ३,५०० आरपीएम आणि बारा सेंटिमीटर त्रिज्या म्हणजे १,६०० पट. पंधरा मिनिटांत ई. कोलाय तळाला. प्लास्मिड काढायचा असेल तर मात्र वेगवान मायक्रोफ्यूज लागतो. त्यासाठी जवळच्या मोठ्या कॉलेजात एक दिवस जाऊन या.

ट्रान्सफॉर्मेशनला ४२ अंशांचं वॉटरबाथ लागतं असं लिहिलेलं असतं. लागतं ते ४५ सेकंद. चहाच्या थर्मासमध्ये ४२ चं पाणी भरा, अर्धा तास जेमतेम एखादा अंश उतरतो. ट्यूब ज्यात गार ठेवायच्या तो बर्फ फोडून बारीक करायला विसरू नका. मोठ्या खड्यांत ट्यूब नीट बसत नाही आणि सगळं गार होत नाही. उणे ८० चा फ्रीझर नसला तर कल्चर स्लँटवर (ट्यूबमध्ये तिरक्या बसवलेल्या अगरवर) वाढवून, वर निर्जंतुक लिक्विड पॅराफिन ओतून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा नव्यावर घ्या.

प्लास्मिड न घेतलेले जिवाणू मारायला मीडियात जे अँटिबायोटिक घालतात, त्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या कॅप्सूल फोडून वापरायची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. त्यात भरताड किती आणि औषध किती हे मापात बसत नाही. लॅबसाठीचं घ्या, आणि मीडिया हाताच्या मनगटाला सोसवेल इतका निवल्यावरच घाला. अँपिसिलिन उष्णतेने मरतं.

नियमांचं सांगायला हवं, कारण परदेशातले व्हिडिओ बघून मुलांना वाटतं हे गॅरेजमध्ये चालतं. आपल्याकडे जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांचं काम पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांत बसतं, आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्याला लागू होतात. संस्थेत जैवसुरक्षा समिती, म्हणजे आयबीएससी, असावी लागते. ई. कोलायच्या निरुपद्रवी लॅब-जाती आणि रंगीत प्रथिन हे सर्वांत खालच्या जोखमीचं काम, पण कळवावं लागतंच. तुमच्या कॉलेजात समिती नसेल तर जिथे आहे अशा संस्थेबरोबर प्रकल्प जोडा. तोवर बेकरीच्या यीस्टवर हात बसवा. ३० अंशांना, दीडेक तासाच्या दुपटीने वाढतं, आणि वर सांगितलेलं प्रत्येक यंत्र त्यावर तपासता येतं. जिवाणूच हवे असतील तर मायक्रोकॉकस ल्युटियस पिवळाधमक असतो. सेरेशिया या जिवाणूचा लाल रंग मोहात पाडतो, पण अशक्त माणसाला तो बाधू शकतो, तो टाळा. जाती कुणाच्या फ्रिजमधून उचलून आणू नका, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला (एनसीएल) एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, चंडीगडला एमटीसीसी आहे. आणि मोबाइल, नोटा, दाराच्या कड्या पुसून ३७ अंशांना काय उगवतं ते बघायचा खेळ केलात तर प्लेट चिकटपट्टीने बंद ठेवा, उघडू नका.

टाकाऊ कल्चर पुन्हा कुकरमध्ये, ४५ मिनिटं. सांडलं तर घरगुती ब्लीचचं दहा टक्के पाणी, अर्धा तास. ब्लीच टाकलेलं काही कुकरमध्ये घालायचं नाही, क्लोरीनची वाफ होते.

करायला घेताना क्रम असा ठेवा. कुकर, पेटी आणि खोका, एवढ्या तीनच गोष्टी आधी उभ्या करा. दहा प्लेट ओता. पाचांवर यीस्ट पसरवा, पाचांना हात लावू नका, आणि दहाही दोन दिवस खोक्यात ठेवा. हात न लावलेल्या पाचांतली एकीवरही ठिपका आला तर कुकरचं किंवा पेटीचं काहीतरी चुकतंय, ते सापडेपर्यंत पुढचं सामान घेऊ नका. आमच्या पहिल्या वर्षी पाचातल्या चारांवर बुरशी होती, आणि कारण निघालं खोक्यातला पंखा: जुन्या कॉम्प्युटरमधून काढून, न पुसता, धुळीसकट लावलेला.

पाचही कोऱ्या निघाल्या की पिपेटची ऑर्डर द्या.